लाभ-आकारणी, पथदिवे व सार्वजनिक हिरवळीसाठीची (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात एखाद्या वस्तीतील पथदिवे, दुभाजकांवरील झाडी, रस्त्याकडेची हिरवळ व उद्याने यांच्या देखभालीचा खर्च तेथील भूखंडांवर, त्यांना होणाऱ्या विशेष लाभाच्या प्रमाणात वाटून वसूल करण्याची पद्धत. मालमत्ता कर मूल्यावर बसतो, तर ही आकारणी लाभावर बसते आणि तिचे उत्पन्न ठरलेल्या कामांसाठीच वापरावे लागते.

पद्धतीच्या उगमाविषयी एकमत नाही. न्यूयॉर्क वसाहतीच्या १६९१ च्या कायद्यात रस्ते व गटारे यांचा खर्च लाभधारकांवर वाटण्याची तरतूद आढळते. लंडनच्या भीषण आगीनंतर पुनर्बांधणीसाठी झालेल्या १६६७ च्या इंग्रजी कायद्यावरून ती घेतली असावी, असे एक मत आहे. दुसरे मत हा धागा इंग्लंडमधील रॉम्नी मार्श या दलदलीच्या प्रदेशात बंधाऱ्यांसाठी मध्ययुगापासून जमीनधारकांवर बसणाऱ्या वर्गणीपर्यंत मागे नेते. तत्त्व दोहोंत समान असले, तरी शहरी रस्त्यांच्या संदर्भात पहिले मत अधिक सयुक्तिक वाटते. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १८५१ मध्ये ब्रुकलिन शहरासंबंधीच्या प्रकरणात ही पद्धत वैध ठरवली.

कॅलिफोर्नियात १९११ व १९१३ चे सुधारणा कायदे आणि १९१९ चा पथदीप कायदा यांनी पाया घातला. सध्याचा मुख्य आधार म्हणजे १९७२ चा ‘लँडस्केपिंग अँड लायटिंग ॲक्ट’. मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेल्या प्रपोझिशन १३ (१९७८) या प्रस्तावाने मालमत्ता कराचा सर्वसाधारण दर मूल्याच्या १ टक्क्यावर रोखला आणि विशेष करांसाठी, म्हणजे ठरावीक कामासाठी बसणाऱ्या करांसाठी, दोन-तृतीयांश मतांची अट घातली. त्यानंतर स्थानिक संस्था १९७२ च्या कायद्याकडे अधिक वळल्या. उद्यानांसाठीची अशी आकारणी हा विशेष कर नव्हे, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑरलंड शहराच्या प्रकरणात १९९२ मध्ये दिला.

अशाच प्रपोझिशन २१८ (१९९६) या प्रस्तावाने चित्र पालटले. नोंदणीकृत अभियंत्याच्या अहवालात विशेष लाभ (त्या भूखंडांनाच होणारा) सर्वसाधारण लाभापासून (सर्व जनतेला होणारा) वेगळा काढावा लागतो. मालमत्तेचे मूल्य सर्वसाधारणपणे वाढते, एवढ्यावर विशेष लाभ सिद्ध होत नाही. सुनावणीपूर्वी किमान ४५ दिवस मालकांना सूचना व मतपत्रिका पाठवल्या जातात, आणि मतांचे वजन प्रत्येकावर पडणाऱ्या रकमेनुसार धरले जाते. परत आलेल्या मतपत्रिकांत विरोधाचे पारडे जड झाल्यास आकारणी करता येत नाही. रस्त्यावरील सर्वच ये-जा करणाऱ्यांना दिव्याचा उजेड मिळत असल्याने हे विभाजन पथदिव्यांबाबत विशेष अवघड जाते. पूर्वीपासून केवळ रस्त्यांसाठी असलेल्या आकारण्यांना नव्या प्रक्रियेतून सूट होती. पथदिवे ‘रस्ते’ या संज्ञेतच मोडतात, असे अपील न्यायालयाने रिव्हरसाइड शहराच्या प्रकरणात १९९९ मध्ये मानले. पुढे २००८ मध्ये सांता क्लारा परगण्यातील मोकळ्या जागांच्या प्राधिकरणाची आकारणी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि अशा प्रकरणांत न्यायालये स्थानिक संस्थेच्या निष्कर्षावर विसंबून न राहता स्वतंत्र पडताळणी करतील, हे स्पष्ट केले. प्रस्तावाच्या मूळ हेतूशी हीच भूमिका अधिक सुसंगत आहे.

वाटणीसाठी बहुधा एका स्वतंत्र घराला एक एकक मानून इतर वापराच्या भूखंडांचे प्रमाण ठरवतात. रक्कम परगण्याच्या मालमत्ता कराच्या बिलातूनच, दोन हप्त्यांत वसूल होते.