न्सेफूंच्या सहा झोपड्या

रांगेत सगळ्यात मागे चहावाला असतो. सगळ्यात पुढे खांद्याला रायफल लावलेला वनरक्षक, त्याच्या मागे गाइड, मग फार तर सहा-सात पाहुणे, आणि शेवटी पाठीवर थर्मास, कप आणि बिस्किटांचे डबे घेतलेला माणूस. 'टी बेअरर' हा तिथे चक्क हुद्दा आहे. झांबियातल्या साऊथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात पहाटे निघालेली अशी एखादी तुकडी दोन-अडीच तास चालून झालं की सॉसेज ट्रीखाली थांबते. हे किगेलियाचं झाड पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला दिसतं. लाटण्यापेक्षा जाड, लांबलचक फळं दोरीला टांगल्यासारखी लोंबत असतात. त्याच्या सावलीत चहा ओतला जातो. शंभरेक पावलांवर पुकू जातीची हरणं झाडाची गळलेली मखमली फुलं वेचत असतात. जीप जवळपास कुठेही नसते.

आपल्याकडे आफ्रिकेची सफारी म्हटली की मसाई मारा. सहलवाल्यांची पत्रकं, ऑगस्टमधलं विल्डेबीस्टांचं स्थलांतर, एका सिंहाभोवती जमलेल्या वीस गाड्या हे चित्र आता नाशिक-सांगलीतल्या घरांतही ओळखीचं झालंय. झांबिया त्या वाटेवर येत नाही. राजधानी लुसाकाला उतरायचं, तिथून छोट्या विमानाने तासाभरात उद्यानाजवळच्या म्फुवे गावाला, आणि म्फुवेपासून नदीच्या कडेने पुढे. तिथल्या छोट्या कॅम्पांत मोजून चार-सहा खोल्या असतात आणि एका रात्रीला माणशी शेकड्यांनी डॉलर पडतात, काही ठिकाणी हजाराच्याही वर. आडवाटेची किंमत जास्त का, हा प्रश्न रास्त आहे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा प्रश्न: हा पैसा कुणाचा, आणि कुणाचा असायचं ठरलं होतं? कारण हा सगळा धंदा सुरू झाला तो एकाच बोलीवर: जनावरं बघायला येणाऱ्यांचा पैसा गावाला.

आधी जमीन समजून घेऊ. लुआंग्वा ही झांबेझीची उपनदी. तिच्यावर मोठं धरण नाही, त्यामुळे ती दर पावसाळ्यात मनासारखी पसरते, वळण बदलते आणि जुन्या पात्राच्या जागी चंद्रकोरीसारखी तळी मागे ठेवून जाते. पाणगेंड्यांची आणि सुसरींची इतकी दाटी आफ्रिकेतही थोड्याच ठिकाणी आहे. खोऱ्यात बरीचशी काळी माती. तिथेही तिला 'ब्लॅक कॉटन'च म्हणतात, आणि यवतमाळ-परभणीकडच्या माणसाला त्याहून जास्त सांगायला नको. पावसात गाडी रुतते ती रुततेच. उन्हाळ्यात तीच माती दगडासारखी होते आणि ओल्यात उमटलेले हत्तींचे पाय खड्डे होऊन राहतात. त्यांवरून जाताना जीपमधल्या माणसाची हाडं खिळखिळी होतात.

दुसरी गोष्ट त्सेत्से माशीची. ती चावते, आणि तिच्यामुळे गुरं जगत नाहीत. (निळे-काळे कपडे घालू नका असं पाहुण्यांना बजावतात ते यासाठीच. त्या रंगांवर माशी धावते.) त्यामुळे खोऱ्यातले कुंदा लोक गुरं पाळणारे कधी झाले नाहीत. शेती मक्या-ज्वारीची आणि मांस रानातलं. शिकार हा त्यांचा छंद नव्हता, ते त्यांचं कालवण होतं. त्यांचा वार्षिक सोहळा 'मलाइला' हाही शिकाऱ्यांच्या पराक्रमाशीच जोडलेला आहे.

अशा मुलखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश साऊथ आफ्रिका कंपनीचा अंमल आला. आपल्या ईस्ट इंडिया कंपनीचीच धाकटी भावंडं ही. झोपडीमागे कर बसला, तो भरायला पुरुष खाणींकडे मजुरीला गेले. 1904 मध्ये खोऱ्याचा एक भाग राखीव केला गेला. कारण काय, तर इथल्या जिराफांची जात वेगळी. त्या जिराफाला नाव मिळालं थॉर्निक्रॉफ्ट या गोऱ्या अधिकाऱ्याचं. ते राखीव क्षेत्र फार टिकलं नाही. पुढे 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला युगांडाहून आलेल्या कॅप्टन पिटमन यांनी उत्तर ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झांबियातल्या वन्यजीवांची पाहणी केली, आणि 1938 मध्ये लुआंग्वात राखीव क्षेत्रं पुन्हा आखली गेली. प्रत्येक रेघेसरशी कुंदांच्या घरातलं कालवण मात्र बेकायदा होत गेलं.

नॉर्मन कार या सगळ्यात शिरले ते बंदूक घेऊन. जन्म 1912 चा, पोर्तुगीज पूर्व आफ्रिकेतल्या, म्हणजे आजच्या मोझांबिकमधल्या चिंदे बंदरातला. तरुणपणी हस्तिदंतासाठी शिकार केली. विसाव्या वाढदिवसापर्यंत पन्नास हत्ती मारले होते असं सांगतात. मग सरकारी नोकरी मिळाली, पिकात शिरणारे हत्ती मारण्याची. दुसऱ्या महायुद्धात किंग्ज आफ्रिकन रायफल्समध्ये काम करून ते परतले. खोरं त्यांना पायाखालचं होतं आणि कुंदांच्या गावांत त्यांची उठबस होती. रानाचा माणूस होण्याआधी हा माणूस पक्का शिकारी होता हे विसरू नये. किंबहुना म्हणूनच त्यांना कळलं असावं की गावाला रानाचा पैसा मिळाला नाही तर गाव रान राखणार नाही.

1950 मध्ये कार कुंदांच्या वरिष्ठ प्रमुखांकडे, न्सेफूंकडे गेले. प्रस्ताव साधा होता: नदीच्या पूर्वेकडची तुमची थोडी जमीन जनावरांसाठी मोकळी ठेवा. तिथे झोपड्या बांधू. लोक जनावरं मारायला नाही, बघायला येतील, आणि त्याचे पैसे तुमच्या लोकांना मिळतील. आज हे वाक्य कुठल्याही लॉजच्या संकेतस्थळावर सापडेल. 1950 मध्ये, वसाहतीत, नुसतं बघायला कोण पैसे देईल हेच मुळात कुणाला पटण्यासारखं नव्हतं. न्सेफू हो म्हणाले. सहा गोल झोपड्या उभ्या राहिल्या. देशातला सर्वसामान्य पाहुण्यांसाठीचा हा पहिला छायाचित्र-सफारी कॅम्प. पुढे तो नदीच्या दुसऱ्या वळणावर हलला, झोपड्यांत न्हाणीघरं आली, नळाला गरम पाणी आलं. पण त्या गोल भिंती आणि न्सेफू हे नाव अजून आहे.

पायी चालणं आलं दहा-अकरा वर्षांनी. सरकारी नोकरी सोडून कार यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला 'वाइल्डरनेस ट्रेल्स' या नावाने पायी सफारी सुरू केल्या. आता याला 'अस्सल अनुभव' म्हणून विकतात, पण तेव्हा रस्तेच धड नव्हते आणि रान वाचायची शिकाऱ्याची एकमेव पद्धत पायी होती. माग काढायचा, वारा कुठून येतोय ते राख उडवून बघायचं, जनावरांच्या पाठीवर बसून गोचिड्या खाणारा ऑक्सपेकर पक्षी खडखडला की गवतात रानरेडा आहे असं समजायचं. सगळं तेच, फक्त शेवटी गोळी नाही. 'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबी 'सफर'वरून आलाय, तोच सफर जो आपण मराठीत रोज वापरतो. प्रवास म्हणजे चालणं, ही जुनी रीत लुआंग्वाने परत आणली असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ताडोबात जिप्सीतून पाय खाली टाकायची सोय नाही, त्यामुळे सात माणसं रायफलमागे रांगेने हत्तींच्या वाऱ्याखालून जातात हे आपल्याला वेडेपणाचं वाटतं. त्यामागे नियमांची जाडजूड शिस्त आहे: गाइडना कडक परीक्षा, लहान मुलांना मनाई, रक्षक सोबत असल्याशिवाय एक पाऊल नाही.

1964 मध्ये झांबिया स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष केनेथ कौंडा हे गांधीजींना मानणारे. त्यांना लुआंग्वाचं रान आवडायचं. त्यांच्यासाठी उद्यानात टेकडीवर चिचेले इथे विश्रामगृह बांधलं गेलं, जे पुढे पाहुण्यांसाठी आलिशान लॉज झालं. 1972 मध्ये साऊथ लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, क्षेत्रफळ 9,050 चौरस किलोमीटर. न्सेफूंनी दिलेला तुकडाही त्यात गेला होता. नदीच्या पूर्वेला उद्यानाचा एवढाच भाग आहे, आणि नकाशावर त्याला आजही 'न्सेफू सेक्टर' म्हणतात. इथेच मूळ बोली निसटली, असं माझं मत आहे. जमीन प्रमुखांची होती तोवर तिकिटाचे पैसे गावाचे होते. जमीन राष्ट्राची झाली तेव्हा पैसे राजधानीचे झाले. कुणी फसवलं असं नाही, पण फरक पडायचा तो पडलाच.

मग तांब्याचे भाव कोसळले. झांबियाची सगळी मदार तांब्यावर. 1975 नंतर तिजोरी रिकामी, वनरक्षकांच्या पगाराची आणि गाड्यांच्या डिझेलची मारामार, आणि बाहेर हस्तिदंत व गेंड्याच्या शिंगाला सोन्याचा भाव. 1970 च्या दशकात खोऱ्यातल्या हत्तींचा अंदाज लाखाच्या आसपास होता. 1980 चं दशक संपेपर्यंत पंधरा हजारांच्या आसपास उरले. काळे गेंडे तर हजारांत होते, ते संपलेच. 1998 मध्ये झांबियातून गेंडा नामशेष झाल्याचं जाहीर झालं. 2003 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून पाच गेंडे आणून नॉर्थ लुआंग्वात सोडले, तेव्हा तिथे पुन्हा सुरुवात झाली. साऊथ लुआंग्वात मात्र आजही गेंडा दिसत नाही, आणि 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, रानरेडा, गेंडा) यादी घेऊन येणाऱ्याला ते आधीच सांगावं लागतं.

चोरटी शिकार करणारे सगळे बाहेरचे नव्हते. वाटाडे, हमाल, कधी नेमबाजही गावातलेच. बंदूकवाल्याला रान दाखवून मिळणारं मांस आणि रोकडा एकीकडे, नि दुसरीकडे शेत तुडवणारा हत्ती, ज्याच्यापासून गावाला दमडी नाही. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ही गोष्ट सरकारच्याही गळी उतरली. नॉर्वेच्या मदतीने 1986 मध्ये लुआंग्वात एकात्मिक ग्रामविकास प्रकल्प सुरू झाला, तर देशभर दुसरी एक योजना आली, जिच्यात शिकारीच्या परवान्यांचे काही पैसे स्थानिक प्रमुखांमार्फत गावाला जात. प्रमुखांमार्फत म्हणजे काय होतं हे आपल्याला ग्रामपंचायतीच्या अनुभवावरून कळायला हरकत नाही. म्हणून 1996 मध्ये उद्यानाला लागून असलेल्या लुपांडे क्षेत्रात पद्धत बदलली. गावसभा भरायची, पैसे सगळ्यांसमोर टेबलावर मोजायचे, आणि लोकांनी तिथेच ठरवायचं: किती घरटी वाटायचे, किती शाळेच्या खोलीला, किती मक्याच्या गिरणीला. हिशेब उघड्यावर आल्यावर जाब विचारणारेही तयार झाले.

पण त्या टेबलावरचे पैसे कुठून आले होते? शिकारीतून. उद्यानाबाहेरच्या 'गेम मॅनेजमेंट एरिया'त परदेशी शिकारी सिंह, बिबट्या, रानरेडा मारण्याचे परवाने घेतात, त्यातला वाटा गावाला. उद्यानात फोटो काढायला येणाऱ्यांच्या प्रवेशशुल्कात मात्र गावाचा तसा ठरलेला वाटा नव्हता. 1950 मध्ये न्सेफूंना सांगितलं होतं की न मारता बघायचे पैसे गावाला मिळतील. अर्ध्या शतकानंतर कायदा नेमका उलटा होता: मारलं तर गावाला, बघितलं तर सरकारला. 2013 मध्ये झांबियाने सिंह-बिबट्यांच्या शिकारीवर बंदी घातली तेव्हा जगभर टाळ्या पडल्या, पण याच गावांच्या मंडळांचं उत्पन्न आटलं आणि गावरक्षकांचे पगार थकले. काही वर्षांतच बंदी मागे घेतली गेली. मला स्वतःला हौसेची शिकार पटत नाही. पण टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा हिशेब बघायला हवा होता.

जनावराबरोबर राहण्याचा अर्थ काय, यासाठी 1991 ची एकच गोष्ट पुरे. त्या वर्षी म्फुवेच्या आसपास एका सिंहाने सहा माणसं मारली. एका बाईला मारल्यावर तो तिच्या घरी परतला आणि तिची कपड्यांची पिशवी तोंडात धरून गावातून फिरला. सिंह नव्हे, भूत आहे, अशी बोलवा झाली. शेवटी त्याला मारलं. तो आज शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पेंढा भरून उभा आहे. पाहुणे गाडीतून जो सिंह बघतात, त्याला शेजारी म्हणून बघणं वेगळं.

आज दिसणारी ऐषआरामाची लॉजेस त्यामानाने नवी. 1991 मध्ये कौंडांची राजवट संपली, सरकारी मालकीची हॉटेलं-लॉजेस खासगी हातांत गेली, आणि 1990 चं दशक सरता सरता नवी बांधकामं झाली. म्फुवे लॉज त्यांपैकीच. त्याच्या आवारात रानटी आंब्याचं झाड आहे. आपला आंबा नव्हे, पण फळ पिकलं की हत्तींचं एक कुटुंब ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोज येतं. वाट अर्थातच स्वागतकक्षातून. पायऱ्या चढायच्या, काउंटरसमोरून जायचं, पलीकडच्या अंगणात आंबे खायचे, आल्या वाटेने परत. कर्मचारी तेवढा वेळ बाजूला उभे राहतात.

नदीकाठचे छोटे कॅम्प मात्र अजून कार यांच्या काळासारखेच हंगामी आहेत. सप्टेंबरात काठाच्या मातीत बिळं करून किरमिजी रंगाचे वेडे राघू हजारोंनी वस्तीला येतात, पुढे उन्हाचा कडाका वाढतो, आणि नोव्हेंबरात पहिल्या सरी पडल्या की काळी माती रस्ते बंद करते. गाद्या, आरसे, नळ, सौरदिवे उचलून उंचावर नेतात. गवताच्या भिंती तशाच सोडून देतात, त्या नदी घेऊन जाते. मे महिन्यात पाणी ओसरलं की गावातली माणसं बांबू आणि गवताचे भारे घेऊन पुन्हा येतात आणि तीच खोली, कधी शंभर पावलं सरकून, नव्याने बांधतात.