पंजाला चीर पडली आहे की कुसळ शिरले आहे?

कुत्रे लंगडू लागले की बहुतेक घरांत "काहीतरी लागले असेल" एवढेच निदान होते आणि पंजावर हळद चोपडली जाते. तळव्याला पडलेली चीर आणि बोटांच्या बेचक्यात शिरलेले कुसळ यांना एकाच माळेत ओवण्याची ही सवय मला आता असह्य झाली आहे.

चिरेबद्दल फार सांगायला नको. काचेने किंवा पत्र्याने तळव्याची गादी कापली की रक्त भरपूर येते, म्हणून माणसे घाबरतात. पण स्वच्छ फडक्याने पाच-दहा मिनिटे दाबून धरले की बहुधा ते थांबते. मग मिठाच्या कोमट पाण्याने जखम धुवावी, पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या चहाच्या रंगाइतके पातळ करून लावावे, सैल पट्टी बांधून ती रोज बदलावी आणि कुत्र्याला जखम चाटू देऊ नये. हळद लावू नये, कारण तिच्या लगद्याखाली जखम दिसत नाही; माणसांची वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये. चीर खोल असेल, तिचे काठ उघडे राहत असतील किंवा रक्त थांबत नसेल, तर टाके लागतील.

कुसळाचे तसे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास माळावरचे गवत वाळते, तेव्हा आपल्या मोज्यांत अडकणारे हेच कुसळ. त्याचे टोक सुईसारखे असते आणि टोकाजवळची ताठ लव मागे वळलेली असते, त्यामुळे कुत्र्याच्या प्रत्येक पावलागणिक ते पुढेच सरकते, मागे येत नाही. शिवाय त्याची लांब शेपटी ओल लागली की उलगडते आणि सुकली की पुन्हा पिळली जाते, म्हणजे गिरमिटासारखे काम आपोआप चालू राहते. कातडीवरचे छिद्र मात्र मिटून जाते. चीर दिवसागणिक बरी होताना दिसते. कुसळाची जागा बरी झाल्यासारखी दिसते आणि पुन्हा फुगते, आणि नेमके इथेच लोक फसतात.

आमच्या कुत्रीच्या पुढच्या पंजात, मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात, मटाराएवढा तुकतुकीत फुगवटा आला होता. त्यावर टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र होते आणि त्यातून गुलाबीसर पाणी झिरपत होते. ते चिरडलेले बोट समजून मी चार दिवस शेक देत बसलो. पाचव्या दिवशी फुगवटा फुटला, ओसरला, मी खूश झालो आणि आठवड्याने तो पुन्हा तिथेच उभा राहिला. अखेर डॉक्टरांनी भूल देऊन तो उघडला, तेव्हा आतून जेमतेम नखाएवढी काडी निघाली. प्रतिजैविकाने सूज उतरते, पण काडी आतच राहते, म्हणून औषध संपले की दुखणे परतते. अशी काडी साध्या एक्स-रेमध्येही बहुधा दिसत नाही.

म्हणून रक्त किंवा चीर नसताना कुत्रे बेचक्यातली एकच जागा सतत चाटत असेल, तर आधी कुसळाचा संशय घ्यावा. शेपटी बाहेर दिसत असेल तर कातडीलगत चिमट्याने धरून ती सरळ ओढावी. तुटली किंवा दिसतच नसेल, तर सुईने टोकरत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. केसाळ कुत्र्याच्या बोटांमधले केस नवरात्रापूर्वीच कापून घ्यावेत आणि माळावरून परतल्यावर दाराशीच एकेक बेचका फाकवून पाहावा.