लिंबू पिळला की फसफसणारी वाळू

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, प्लाया देल कार्मेन या गावात पुळणीवर बसून टाको मागवला की सोबत हिरव्या लिंबाच्या फोडी येतातच. त्यातली एक फोड राखून ठेवावी. पायाखालची चिमूटभर कोरडी वाळू बशीत घ्यावी, त्यावर लिंबू पिळावं आणि बशी कानाशी धरावी. बारीक चरचर ऐकू येते. डोळे जवळ नेले तर कणांच्या कडेने चिमुकले बुडबुडे सुटताना दिसतात. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा शेजारच्या टेबलावरची दोन मुलं उठून बघायला आली, आणि पाच मिनिटांत माझी सगळी लिंबं संपली.

हेच लिंबू आपल्याकडे गुहागरच्या किंवा दिवेआगरच्या वाळूवर पिळलं तर अधूनमधून एखादा शिंपल्याचा तुकडा तेवढा फसफसेल. आपली वाळू मुख्यतः खडकाची आहे. सह्याद्रीचा कातळ झिजला, नद्यांनी तो वाहून आणला आणि लाटांनी किनाऱ्यावर पसरला. प्लायाच्या वाळूला ना डोंगर आहे ना नदी. ती जवळजवळ सगळी जिवांनी घडवलेली आहे. कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्यापासून शिंपला, अंड्याचं कवच आणि आपल्या पानाला लागणारा चुना होतो तेच द्रव्य. आम्ल पडलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तीच ती चरचर.

भिंगातून ही वाळू पाहिली तर घडवणारे ओळखूही येतात. प्रवाळांचे तुकडे, शिंपल्यांच्या कपच्या, एकपेशीय जिवांची नक्षीदार घरटी. त्यात चपट्या पांढऱ्या टिकल्या दिसतात त्या हॅलिमेडा नावाच्या हिरव्या शेवाळाच्या. निवडुंगाच्या चिमुकल्या पानांची माळ ओवावी तसं हे शेवाळ दिसतं. जिवंतपणी ते आपल्या अंगात चुना साठवत राहतं, मेलं की हिरवा रंग जातो आणि टिकल्या सुट्या होऊन वाळूत मिसळतात. दुसरा मोठा कारागीर म्हणजे पोपटमासा. चोचीसारख्या दातांनी तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडतो, त्यासोबत चुनखडीही पोटात जाते, घशातल्या दातांच्या जात्यात ती दळली जाते आणि मागून पीठ बाहेर पडतं. मोठ्या जातीचा एक मासा वर्षभरात शेकडो किलो वाळू तयार करू शकतो. पाण्यात तोंड घालून शांत राहिलं तर त्याचा कुरतडण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, कुणीतरी शेजारी बसून सुकी भाकरी खातंय असा.

ही वाळू पांढरी असल्यामुळे ऊन बरंचसं परतवून लावते. म्हणून भर दुपारीही तिच्यावर अनवाणी चालता येतं. कोकणातल्या काळसर पुळणीवर मे महिन्यात दुपारी ज्याने चप्पल हरवली आहे त्याला याचं मोल सांगायला नको.

आणखी एक गोष्ट आपल्या माणसाला चुकल्यासारखी वाटते. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. मुंबईला उधाणाच्या भरतीला पाणी चार-साडेचार मीटर चढतं. इथे तो फरक जेमतेम वीतभर. सकाळी टॉवेल जिथे टाकला तिथे तो संध्याकाळपर्यंत कोरडा राहतो.

पण प्लायाला जाऊन फक्त पुळणीवर लोळून आलात तर निम्मं गावच पाहायचं राहिलं असं मी म्हणेन. उरलेलं निम्मं जमिनीखाली आहे.

नकाशा उघडून प्लाया ज्यावर वसलंय त्या युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग बघा. पाऊस भरपूर, जंगल घनदाट, पण नदी एकही नाही. सगळी भूमी चुनखडीच्या सपाट लादीची आहे आणि ती स्पंजासारखी सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, म्हणजे निसर्गच त्या दगडावर सावकाश लिंबू पिळत असतो. फटी रुंदावतात, फटींच्या नळ्या होतात, नळ्यांचे बोगदे होतात. नद्या आहेत, पण त्या सगळ्या पोटातून वाहतात. एखाद्या बोगद्याचं छत कोसळलं की वर आभाळ दिसणारं कुंड तयार होतं. इथले मूळचे माया लोक त्याला ‘त्स्ओनोत’ म्हणत, स्पॅनिश जिभेवर त्याचा ‘सेनोते’ झाला. नदी नसलेल्या मुलखात हेच पिण्याचं पाणी होतं, त्यामुळे मायांची गावं सेनोतेंच्या आधारानेच वसली.

प्लायाहून तुलुमकडे जाणाऱ्या महामार्ग ३०७ वर, गावाच्या दक्षिणेला असे सेनोते एकापाठोपाठ लागतात. सेनोते अझुल, हार्दिन देल एदेन, क्रिस्तालिनो. पोहता येणाऱ्याने यातल्या एकात तरी उतरावंच. पाणी वर्षभर साधारण २४-२५ अंशांवर असतं, बाहेरच्या उकाड्यात ते चांगलंच गार लागतं. तळातला दगड इतका स्वच्छ दिसतो की खोलीचा अंदाज चुकतो. हात लांबवला तर लागेल असं वाटतं आणि पाय टेकायला जावं तर चार माणसं बुडतील एवढं पाणी.

या पाण्याची खरी गंमत मात्र समुद्राजवळ आहे. पावसाचं गोडं पाणी हलकं, समुद्राचं खारं पाणी जड. किनाऱ्यालगत समुद्र जमिनीखालूनही आत शिरलेला असतो आणि त्याच्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. अकुमालजवळ याल-कू नावाची एक छोटी खाडी आहे, तिथे जमिनीखालून आलेलं गोडं पाणी थेट समुद्राला भेटतं. मुखवटा लावून मी तिथे पोहत होतो. वर सगळं धूसर, जणू चष्म्यावर कुणी तूप फासलंय. हात हलवला की साखरेच्या पाकासारख्या रेषा उठायच्या. मला वाटलं मुखवट्याची काच खराब झाली, दोनदा वर येऊन पुसली. मग एक बुडी मारून हातभर खाली गेलो आणि एका क्षणात सगळं लख्ख. मासे, दगड, दगडावरची नक्षी. दोन पाण्यांतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, ती जिथे मिसळतात तिथे तो वाट्टेल तसा वाकतो, म्हणून ती धूसर साय. खोल गुहांमध्ये उतरणाऱ्या पाणबुड्या माणसांना हीच सीमा कित्येक मीटर खाली लागते, आणि ती इतकी रेखीव असते की खालचं खारं पाणी हवेसारखं दिसतं.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही सीमा फार कामाची. वरच्या गोड्या पाण्यात चुनखडी विरघळून ते तृप्त झालेलं असतं, खालचं खारं पाणीही तृप्त. पण दोन तृप्त पाणी एकत्र आली की मिश्रण पुन्हा भुकेलं होतं आणि नव्याने दगड खायला लागतं. म्हणून किनाऱ्याच्या या पट्ट्यात गुहांचं जाळं एवढं अफाट वाढलं आहे. जानेवारी २०१८ मध्ये साक आक्तुन आणि दोस ओहोस ही तुलुमजवळची दोन जाळी एकमेकांना जोडलेली असल्याचं पाणबुड्यांनी शोधलं, तेव्हा त्यांची एकत्रित लांबी भरली ३४७ किलोमीटर. मुंबईहून रस्त्याने निघालं तर जवळजवळ रत्नागिरी गाठण्याइतकं अंतर, तेही पाण्याने भरलेल्या बोगद्यांचं.

या बुडालेल्या गुहांमध्ये छताला लवणस्तंभ लोंबतात. लवणस्तंभ तर थेंबाथेंबाने हवेतच वाढतो, पाण्याखाली वाढूच शकत नाही. म्हणजे या गुहा एकेकाळी कोरड्या होत्या. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. तेव्हा या बोगद्यांत माणसं आणि जनावरं फिरत होती. साक आक्तुनमधल्या ओयो नेग्रो, म्हणजे ‘काळ्या खड्ड्या’त २००७ साली पाणबुड्यांना एका मुलीचा सांगाडा सापडला. वय पंधरा-सोळा, काळ अंदाजे १२ ते १३ हजार वर्षांपूर्वीचा. शोधणाऱ्यांनी तिचं नाव नाइया ठेवलं. अंधारात पाय घसरून ती खड्ड्यात पडली असावी. तिच्या आसपास महाकाय स्लॉथ आणि हत्तीच्या नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याची हाडं होती. २०१४ मध्ये तिच्या दातातून मिळालेल्या डीएनएने दाखवलं की तिचं मातृवंशाचं नातं आजच्या मूळ अमेरिकी लोकांशी जुळतं. पाणी पुढे चढत गेलं आणि शोध लागेपर्यंत तिला कुणी हलवलं नाही.

युकातानच्या चुनखडीखाली आपल्या ओळखीचा एक धागाही आहे. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुमारे १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह याच द्वीपकल्पाच्या वायव्य टोकाला, चिक्शुलूबजवळ आदळला आणि डायनोसॉरांचं पर्व संपलं. त्याचं विवर १८० किलोमीटर व्यासाचं, आज पूर्णपणे गाडलेलं. पण त्याच्या काठाच्या वर मेरिदा शहराभोवती सेनोतेंची अर्धवर्तुळाकार माळ आहे, गाडलेल्या काठावरून भूजलाची वाट ठरली म्हणून. प्लायाचे सेनोते या माळेतले नाहीत, ते बरेच पूर्वेला पडतात. मात्र त्याच सुमाराला पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला लाव्हाचे थरावर थर साचत होते, आणि त्याच थरांतून, आपले गडकोट ज्यावर उभे राहिले तो दख्खनचा कातळ झाला. डायनोसॉरांच्या अंतात लघुग्रहाचा वाटा किती आणि आपल्या ज्वालामुखींचा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून हिरिरीने भांडतात.

पुन्हा समुद्राकडे वळू. प्लायाच्या दक्षिणेला तासाभराच्या आत अकुमाल येतं. मायांच्या भाषेत याचा अर्थच कासवांची जागा. आपल्याकडे वेळासला आपण कासवं बघतो ती अंडी घालायला आलेली किंवा नुकती जन्मलेली. अकुमालच्या उपसागरात हिरवी कासवं चरायला येतात. उथळ पाण्यात समुद्रगवताची कुरणं आहेत, त्यावर ती गाईंसारखी संथपणे तोंड मारत असतात आणि मधूनच श्वास घ्यायला वर येतात. तिथे आता वाटाड्याशिवाय आणि ठरलेल्या मार्गाबाहेर पोहता येत नाही. काही पर्यटकांना हे जाचक वाटतं. मला ते योग्यच वाटतं, कारण श्वास घ्यायला आलेल्या कासवाला दहा जणांनी घेरलं की ते खाणं सोडून पळतं.

गवताच्या पलीकडे फेसाची एक पांढरी रेघ दिसते. तो प्रवाळांचा बांध. युकातानपासून होंडुरासपर्यंत सुमारे १००० किलोमीटर पसरलेला हा मेसोअमेरिकन बांध ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफखालोखाल जगात मोठा मानला जातो. मोठ्या लाटा तिथेच फुटतात, किनाऱ्यावर येतं ते त्यांचं उरलंसुरलं. ऑक्टोबर २००५ मध्ये विल्मा हे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. अटलांटिकमध्ये नोंदलेला सर्वांत कमी हवेचा दाब, ८८२ मिलिबार, त्याचाच. उत्तरेच्या कान्कुनची वाळू त्याने अक्षरशः खरवडून नेली आणि ती कोट्यवधी खर्चून पुन्हा आणून टाकावी लागली. त्यानंतर बांधाची किंमत सरकारलाही कळली. प्लाया ज्यात येतं त्या किंताना रो राज्याने बांधाच्या एका भागाचा चक्क विमा उतरवला. ठरावीक वेगाच्या पुढे वारा गेला की पंचनामा न करता पैसे मिळणार, अशी त्याची अट होती. २०२० च्या डेल्टा वादळानंतर ते मिळाले, आणि प्रशिक्षण घेतलेले मच्छीमार आणि पाणबुडे पाण्यात उतरून प्रवाळाचे तुटके तुकडे सिमेंटने पुन्हा जागेवर चिकटवत होते. पण २०१८ पासून इथे पसरलेल्या ऊती झडण्याच्या रोगावर सिमेंट चालत नाही. काही आठवड्यांत शंभर वर्षांचा प्रवाळ हाडासारखा पांढरा पडतो.

सहलीची तारीख ठरवणाऱ्याने सारगॅसमचं वेळापत्रक जरूर पाहावं. हे तरंगणारं तपकिरी शेवाळ, द्राक्षांएवढ्या हवेच्या फुग्यांवर पोहणारं. २०११ पासून ते कॅरिबियनमध्ये लोटायला लागलं, काही वर्षांत या किनाऱ्यावरही. जून २०१८ मध्ये उपग्रहांना त्याचा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८८५० किलोमीटर लांब दिसला, वजन २ कोटी टनांहून जास्त. साधारण एप्रिल ते ऑगस्ट त्याचा जोर. समुद्रात असताना ते माशांच्या पिल्लांचं पाळणाघर असतं. किनाऱ्याला लागून कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो, पाणी चहासारखं होतं आणि समुद्रगवताला ऊन मिळेनासं होतं. पहाटे सहाला माणसं घमेली आणि दाताळी घेऊन ते ओढत असतात, आठला पर्यटक येईपर्यंत ढीग उचललेले असतात. समोरच्या कोसुमेल बेटाचा पश्चिम किनारा आडोशाला असल्यामुळे बहुतेकदा स्वच्छ राहतो. प्लायाहून तिथे बोटीने पाऊण तास लागतो.

मला स्वतःला जास्त काळजी दिसत नसलेल्या गोष्टीची वाटते. हॉटेलमागे मुरलेलं सांडपाणी इथे मातीत गाळलं जात नाही, माती आहेच किती? ते सरळ बोगद्यात उतरतं आणि बांधाकडे निघतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या भागातल्या भूजलात औषधांचे आणि प्रसाधनांचे अंश सापडले होते. अलीकडे प्लाया ते तुलुम रेल्वेचे रूळ उंचावरून नेताना पोलादी खांब गुहांच्या छतांतून खाली गेले, ते फोटो पाहून माझ्या पोटात कालवलं.

गावाच्या उत्तर टोकाला पुंता एस्मेराल्दा नावाची पुळण आहे. हॉटेलांपेक्षा इथे गावातली कुटुंबं जास्त येतात, डबे आणि तान्ही मुलं घेऊन. वाळूतच गोड्या पाण्याचं एक कुंड आहे, तळातून झरा वर येतो आणि छोट्या ओहोळाने समुद्रात जातो. ओहोळ जिथे समुद्राला मिळतो तिथे घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तर एका पायाला गार लागतं, दुसऱ्याला कोमट. खाली वाकून पाहिलं की दोन्ही पायांच्या मध्ये पाकासारख्या रेषा वळवळत असतात.