टीव्ही गेम हळू चालायचा तो व्होल्टेजमुळे नव्हे

सोलापुरात एक समज अजून टिकून आहे: नव्वदच्या दशकातला कॅसेटचा टीव्ही गेम इथे संथ चालायचा, कारण विजेचा दाब कमी असे. स्टॅबिलायझर लावला की वेग येतो, असं छातीठोकपणे सांगणारे आजही भेटतात. हे खरं नाही.

अडॅप्टर घरातली वीज कमी दाबाच्या डीसीमध्ये बदलतो, आणि यंत्राचा वेग ठरवतो आतला क्वार्ट्झ क्रिस्टल. दाब फारच पडला तर चित्र बिघडेल, यंत्र बंद पडेल. मारिओ सावकाश पळणार नाही.

खरं कारण टीव्हीत आहे. इथले टीव्ही गेम ज्याच्या नकला होते, तो निन्टेंडो कंपनीचा फॅमिकॉम १९८३ मध्ये जपानात आला. तिथली तेव्हाची टीव्हीची एनटीएससी पद्धत सेकंदाला सुमारे ६० चित्रं दाखवे, आपली पाल पद्धत ५०. बहुतेक गेमचं गणित या चित्रांच्या ठेक्यावर चालतं, म्हणून तिथला ५ मिनिटांचा खेळ इथे ६ मिनिटं घेई.

यात नकली यंत्रांना बोल लावणंही अन्यायाचं. युरोपात विकलेल्या अस्सल निन्टेंडोचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चाले, जपानी १.७९ वर. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या अनेक नकली यंत्रांत तो १.७७ ठेवलेला होता. सुरांची पट्टी प्रोसेसरच्या वेगावर ठरे, त्यामुळे संगीताची लय मंदावली तरी सूर जवळजवळ मूळ पट्टीतच राहिले. त्या अनामिक कारागिरांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पडद्यावर एकदम खूप शत्रू आले की खेळ अडखळे, ते वेगळं. तो प्रोसेसरवरचा ताण. तसा तो जपानातही अडखळे.