गुडघ्याचे आंशिक सांधेरोपण : रोपणांच्या रचना

गुडघ्याच्या सांध्यातील झिजलेला एकच कप्पा, बहुधा आतल्या बाजूचा, बदलून उरलेला सांधा व अस्थिबंध (हाडांना हाडे जोडणारे पट्टे) जागच्या जागी राखण्याची शस्त्रक्रिया. बोलण्यात हिला ‘अर्धा गुडघा बदलणे’ म्हणतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर धातूचे आवरण, नडगीच्या माथ्यावर धातूचे तबक आणि मध्ये पॉलिथिलीन या प्लास्टिकची चकती, एवढाच ऐवज असतो. काही रचनांत तबक नसते, पॉलिथिलीनचा तुकडाच शस्त्रक्रियेतील खास सिमेंटने हाडावर बसवतात. चकती पक्की की सरकती, यावरून रचनांचे दोन वर्ग पडतात.

उगम : पहिले आंशिक रोपण कोणते, याचे उत्तर व्याख्येवर ठरते. १९५० च्या दशकात टोरांटोचे डेव्हिड मॅकिंटॉश यांनी नडगीच्या माथ्यावर आधी ॲक्रिलिकची, पुढे धातूची चकती ठेवली. डंकन मॅकीव्हर यांच्या धातूच्या तबकाला हाडात रुतणारा कणाही होता. दोन्हींत मांडीचे हाड मात्र उघडेच राही, त्यामुळे त्यांना पूर्वसूरी म्हणणे बरे. फ्रँक गन्स्टन यांनी इंग्लंडमध्ये १९६८ च्या सुमारास धातू-पॉलिथिलीनची जोडी वापरली, पण ती सहसा दोन्ही कप्प्यांत बसवली जाई. हँबुर्गची ‘सेंट जॉर्ज स्लेड’ (१९६९ च्या सुमारास) आणि लिओनार्ड मार्मोर यांची रचना (१९७२) या आजच्या अर्थाने आद्य मानाव्यात.

पक्की चकती : मार्मोर यांच्या रचनेत मांडीकडचा भाग गोलाकार, नडगीकडचा जवळजवळ सपाट होता. वाकताना गुडघा सरकतो आणि थोडा वळतोही. खोलगट चकतीने ही हालचाल अडवली तर सारा ताण सिमेंटवर येऊन तबक ढिले होते. म्हणून सपाटपणा पत्करला. त्याची किंमत अशी की गोल पृष्ठभाग सपाटावर इवल्याशा जागेत टेकतो, दाब एकवटतो आणि पॉलिथिलीन झिजते. ६ मिमी जाडीचे तुकडे दबून निकामी झाल्याचे मार्मोर यांच्याच अनुभवात आढळले. पुढे तुकड्याखाली धातू आला, पण हाड तेवढेच कापायचे असल्याने धातूची जाडी पॉलिथिलीनमधूनच वजा झाली. हवेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले पॉलिथिलीन साठवणीतच ऑक्सिडीभूत होऊन कमकुवत होते, हेही उशिरा ध्यानात आले. जुन्या अपयशांचे खापर केवळ आकारावर फोडणे त्यामुळे योग्य नव्हे.

सरकती चकती : ऑक्सफर्डचे शल्यविशारद जॉन गुडफेलो आणि अभियंता जॉन ओ’कॉनर यांनी १९७० च्या दशकात वेगळी वाट धरली. मांडीकडचे आवरण गोलाचा भाग, तबक सपाट, आणि मधली चकती वरून तितक्याच गोलाईची खोलगट, खालून सपाट व सुटी. स्पर्शक्षेत्र मोठे राहते, झीज अत्यल्प होते, म्हणून ३-४ मिमी जाडीही पुरते. आतल्या कप्प्यासाठी ही ‘ऑक्सफर्ड’ रचना १९८२ पासून स्वतंत्रपणे वापरात आली.

सुटी चकती जागेवर ठेवतात ते अस्थिबंधच. पुढचा फुलीसारखा बंध (एसीएल) शाबूत नसेल तर ही रचना सहसा टाळतात. मापाची रीत पाहण्याजोगी आहे. गुडघा वाकवून फटीत पट्टी सरकवतात, मग तो जवळजवळ सरळ करून पुन्हा मोजतात. पहिली फट ४ मिमी, दुसरी १ मिमी भरली, तर ३ क्रमांकाची ‘स्पिगॉट’ नावाची खुंटी बसवून गोल कातणीने मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणखी ३ मिमी घासतात. दोन्ही फटी जुळल्या की चकती निसटत नाही.

तुलना : ऑक्सफर्डमधूनच १९९८ मध्ये १४३ गुडघ्यांची मालिका प्रसिद्ध झाली; दहा वर्षांचे टिकाव-प्रमाण (फेरशस्त्रक्रियेविना टिकलेली रोपणे) ९८ टक्के. उलट स्वीडनच्या गुडघारोपण नोंदवहीवर आधारित १९९५ च्या अभ्यासात सहा वर्षांनंतर ऑक्सफर्ड रचनेतील फेरशस्त्रक्रियांचे प्रमाण मार्मोर रचनेच्या दुपटीहून अधिक आढळली. रचनाकारांचा पक्ष असा की दुखरा अर्धा गुडघा पूर्ण गुडघ्यात बदलणे सोपे, म्हणून शल्यविशारद फेरशस्त्रक्रियेला लवकर तयार होतात आणि नोंदवहीतला आकडा फुगतो. यात तथ्य आहे. मात्र स्वीडनमध्येच वर्षाला मोजक्या शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत निकाल खालावलेले दिसले, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे वाटते. पुढील तौलनिक अभ्यासांत कार्यक्षमतेत पक्क्या व सरकत्या चकतीत ठळक फरक दिसला नाही. फरक दिसतो तो बिघाडाच्या स्वरूपात : सरकती चकती निसटली तर बहुधा लवकर, पक्की झिजली तर बऱ्याच वर्षांनी.

बाहेरच्या कप्प्यात गुडघा वाकताना बाजूचा अस्थिबंध सैल पडतो. तेथे मूळ ऑक्सफर्ड चकती सुमारे १० टक्के गुडघ्यांत निसटली. पुढे घुमटाकार तबक आले, तरी बहुतेक जण पक्क्या चकतीलाच पसंती देतात. आशियाई मालिकांत आतल्या कप्प्यातही चकती निसटण्याचे प्रमाण पाश्चात्त्य मालिकांहून अधिक नोंदले गेले आहे. जमिनीवर मांडी घालून वा उकिडवे बसण्याची सवय हे त्याचे संभाव्य कारण दिले जाते.