बुडिताआधीची पाहणी

धरणाचा बुडीत नकाशा हाती आला की पुरातत्त्वज्ञाला एरवी कधीच न मिळणारी गोष्ट मिळते: शेवटची तारीख. मोजके स्थळ निवडून वर्षानुवर्षे खणत बसण्याची चैन तिथे संपते. अख्खे खोरेच पायाखाली घालावे लागते.

याची सुरुवात नाईलकाठी झाली. आस्वानचे जुने धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची वाढवायचे ठरल्यावर १९०७ पासून अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइस्नर यांच्या पथकाने बुडणारा न्यूबियाचा, म्हणजे दक्षिण इजिप्तकडचा, काठ सलग तपासला. भर देवळांवर नव्हता, थडग्यांवर होता. थडग्यांतल्या प्राचीन लोकसमूहांची नावेच ठाऊक नसल्याने राइस्नरनी त्यांना 'ए', 'बी', 'सी', 'एक्स' अशी अक्षरे दिली. 'बी' पुढे मोडीत निघाला. 'ए' आणि 'सी' आजही चालतात.

१९३४ मध्ये अमेरिकेत टेनेसी खोऱ्यातल्या नॉरिस धरणाआधी उत्खनने झाली. त्यांचे प्रमुख विल्यम वेब हे पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक! आपल्याकडे नागार्जुनसागर धरणाआधी नागार्जुनकोंड्याचे संपूर्ण खोरे १९५४ ते १९६० या काळात खणले गेले आणि निवडक वास्तू टेकडीवर पुन्हा उभारल्या. ती टेकडी आता बेट आहे. आस्वानच्या नव्या, उंच धरणाच्या वेळी युनेस्कोने १९६० मध्ये हाक दिल्यानंतर अबू सिंबेलचे देऊळ वर उचलले गेले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तेवढेच.

पण देऊळ दिसते तरी. पूरमैदानात खरी अडचण गाळाची. शेतातून रांगेने चालत खापरे वेचली तर हाती लागतो फक्त वरचा थर. नदीने दरवर्षी पांघरलेल्या गाळाखालचे काहीच कळत नाही. टेनेसीतल्याच टेलिको धरणाच्या वेळी, १९७० च्या दशकात, जेफरसन चॅपमन यांनी यंत्राने खोल चर मारले. वरून सपाट दिसणाऱ्या जमिनीखाली सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या निघाल्या. नुसत्या पायी पाहणीत ती जागा 'काही नाही' म्हणून सुटली असती. एका चिमुकल्या माशाच्या संरक्षणावरून खटला चालल्याने धरण रखडले आणि खोरे १९७९ पर्यंत कोरडे राहिले.

जलाशय भरल्यावरही सगळे सारखे नष्ट होत नाही. तळाशी नव्या गाळाखाली गेलेले बरेचदा टिकते. मोडते ते काठावरचे, जिथे पाणी दरवर्षी चढते-उतरते आणि लाटा माती कापत राहतात. म्हणून पाहणीची रेषा पूर्ण भरणपातळीवर थांबवणे चूक ठरते. त्या रेषेच्या थोडे वरचेही पुढे ढासळून पाण्यात जाते.