रंग लावण्यापूर्वी ट्रेलर दाखवा : बोटीचा जुना ट्रेलर घरी दुरुस्त करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जूनच्या तोंडावर समुद्र खवळला की जलक्रीडेच्या बोटी वर ओढल्या जातात, १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारीही बंद होते, आणि हंगामभर खाऱ्या पाण्यात बुडून निघालेल्या ट्रेलरकडे मालकाचे प्रथमच नीट लक्ष जाते. या दिवसांत ट्रेलर अंगणात घेऊन स्वतः दुरुस्त करणारे अनेक ग्राहक आमच्या कार्यशाळेत येतात. बेअरिंग, वायरिंग, तसेच बोट ज्यांवर टेकते ते रोलर आणि फळ्या ही कामे घरी उत्तम होतात, व त्यासाठी कार्यशाळेचा खर्च करण्याचे कारण नाही असे आम्ही नेहमीच सांगतो. तथापि दरवर्षी नारळी पौर्णिमेच्या आठ-पंधरा दिवस आधी काही ट्रेलर असे येतात की त्यांवर पुट्टी भरून, रेड ऑक्साइडचा हात देऊन, वर निळा किंवा पिवळा ऑइलपेंट चढवलेला असतो आणि मालकांची अपेक्षा अशी असते की आम्ही फक्त दोन ठिकाणी वेल्डिंग करावे आणि जमल्यास गॅल्व्हनायझिंग (लोखंडावर जस्ताचा थर चढवणे) करून द्यावे. अशा ट्रेलरला विलंब का होतो आणि बिल का वाढते, हा प्रश्न वारंवार विचारला जात असल्यामुळे त्याचे उत्तर येथे लिहून दिले आहे.

गंज आम्हाला चालतो, रंग चालत नाही

गॅल्व्हनायझिंगमध्ये लोखंड प्रथम अल्कधर्मी द्रावणात आणि नंतर आम्लात बुडवून स्वच्छ करतात, त्यावर फ्लक्स (जस्त नीट धरावे म्हणून लावायचे रसायन) चढवतात आणि मग सुमारे ४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वितळलेल्या जस्तात सोडतात. आम्लाचे काम गंज आणि कारखान्यात लोखंड लाटताना बसलेली काळी पापडी काढण्याचे असते व ते काम आम्ल चोख करते. ऑइलपेंट, पुट्टी, सिलिकॉन सीलंट आणि वेल्डिंगचा स्लॅग (सांध्यावर उरणारी कडक खपली) मात्र आम्लाला दाद देत नाहीत. रंगाचा बोटभर डाग जरी राहिला तरी त्या जागी जस्त धरत नाही, तेथे काळा उघडा पट्टा राहतो आणि गंजाची सुरुवात नेमकी त्याच जागेपासून होते. म्हणून रंगवलेला ट्रेलर आला की आधी तो रंग सँडब्लास्टिंगने किंवा हाताने खरवडून काढावा लागतो. चौकोनी पाइपच्या कोपऱ्यांतून, पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटच्या आतून आणि वेल्डिंगच्या सांध्यांतून रंग काढणे हे वेल्डिंगपेक्षा अधिक वेळखाऊ काम आहे. याउलट लालबुंद गंजलेला, पण उघडा ट्रेलर आला तर तो थेट तपासणीला घेता येतो. ग्राहकांना वाटते की गंजका ट्रेलर आमच्या दारात आणणे बरे दिसत नाही. आमची विनंती अशी आहे की तो संकोच करू नये.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. ताजा रंग आणि पुट्टी यांखाली पाट्याच्या ब्रॅकेटजवळचा तडा दिसत नाही. मूळ लोखंड किती उरले आहे हे पाहण्याची घरगुती पद्धत सोपी आहे: छोट्या गोल डोक्याच्या हातोडीने चेसिसवर ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, आतून खाल्लेले लोखंड भद्द वाजते आणि पापडी सुटते. आडव्या चॅनेलची खालची बाजू, पाट्यांचे ब्रॅकेट, अॅक्सलवरील यू-बोल्टच्या खालची जागा आणि पाइपची उघडी टोके ही चार ठिकाणे प्रथम तपासावीत, कारण वाळू आणि खारे पाणी तेथेच साठून राहते. चौकोनी पाइप बहुधा आतून बाहेर गंजतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतली जाडी निम्मी झालेली असू शकते, आणि त्या फोडावर पुट्टी भरणे म्हणजे दोष झाकणे होय.

गॅल्व्हनायझिंग करायचेच नसेल, तरीसुद्धा रंगाची घाई करू नये. वायरब्रश किंवा ग्राइंडर फिरवल्याने गंज निघतो, पण खड्ड्यांतील मीठ निघत नाही, उलट ते घासले जाऊन खड्ड्यात पक्के बसते. अशा पृष्ठावर लावलेला रंग कितीही महागडा असला तरी मीठ हवेतील ओलावा ओढून घेते आणि रंगाखाली फोड येतात. म्हणून घासण्याआधी आणि घासल्यानंतरही, पाइपच्या आतून-बाहेरून गोड्या पाण्याने भरपूर धुवावे, ट्रेलर पूर्ण वाळू द्यावा आणि मगच प्रायमर लावावा. पावसाळ्यात उघड्यावर हे साधत नाही, त्यासाठी छप्पर हवे. पानशेत, मुळशी किंवा कोयनेच्या शिवसागर जलाशयासारख्या गोड्या पाण्यावरच बोट उतरवणाऱ्यांना चांगल्या तऱ्हेने लावलेला झिंकयुक्त प्रायमर आणि इपॉक्सी रंग पुरेसा होतो, आणि अशा ग्राहकांना आम्ही स्वतःहून गॅल्व्हनायझिंगचा आग्रह धरत नाही. समुद्रात मात्र आमच्या मते रंग हा हंगामापुरताच इलाज आहे.

घरी जोडलेले तुकडे आणि बंद पाइप

ट्रेलरमध्ये बदल करताना अनेकजण लांबी वाढवण्यासाठी चौकोनी पाइपचा तुकडा जोडतात, त्याची दोन्ही टोके पट्टी लावून बंद करतात आणि पाणी आत जाणार नाही म्हणून निश्चिंत होतात. असा पूर्णपणे बंद पाइप ४५० अंशांच्या जस्तात गेला की आतल्या हवेचा व ओलाव्याचा दाब वाढून पाइप फुटतो आणि वितळलेले जस्त कामगारांच्या अंगावर उडू शकते. गॅल्व्हनायझिंग कारखाना म्हणूनच बंद पाइप असलेला माल परत पाठवतो. प्रत्येक पोकळ भागाला समोरासमोरच्या कर्णरेषेतील कोपऱ्यांत दोन भोके असावी लागतात. लहान पाइपलाही ती १२ मिमीपेक्षा लहान नसावीत, आणि मोठ्या पाइपला त्याहून मोठी हवीत. हीच भोके पुढे समुद्राचे पाणी निथळून जाण्यास आणि आतून नळीने धुण्यास उपयोगी पडतात, म्हणून ती नंतर रबरी बूच लावून बुजवू नयेत. चेसिसवर ठिगळाची प्लेट चारही बाजूंनी वेल्ड केली असेल तर तिच्याखालीही हवा व आम्ल अडकते. तेथेही भोक लागते. ही भोके आम्ही जागा ठरवून पाडून देतो. आपल्या मनाने ती चेसिसच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत पाडू नयेत, कारण सी-चॅनेलवर (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी पट्ट्यावर) भार आला की सर्वाधिक ताण त्या दोन पट्ट्यांवरच येतो. काही बसवण्यासाठी भोक पाडणे भागच असेल तर ते उभ्या बाजूच्या मध्याजवळ पाडावे. शक्यतो यू-बोल्टने आवळून काम भागवावे.

आधीच गॅल्व्हनाइज्ड असलेल्या चेसिसवर घरी वेल्डिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जस्त सुमारे ९०७ अंशांना उकळते आणि वेल्डिंगचा आर्क त्याहून कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे पांढरा दाट धूर निघतो. तो श्वासात गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. सांध्याच्या दोन्ही बाजूंचे जस्त ग्राइंडरने काढून, मोकळ्या हवेत आणि मास्क लावूनच वेल्डिंग करावे, आणि भार पेलणारा सांधा असेल तर तो आमच्याकडे किंवा अन्य कुशल वेल्डरकडे करून घ्यावा. नंतर त्या जागी मारलेला चंदेरी स्प्रे हा तात्पुरता उपाय आहे, हे सांगणे आम्हाला भाग आहे.

ट्रेलर आमच्याकडे पाठवताना चाके, हब, बेअरिंग, पाटे, विंच (बोट ट्रेलरवर ओढून घेण्याची चरखी), वायरिंग, रोलर आणि फळ्या घरीच उतरवून ठेवाव्यात, तसेच उतरवण्यापूर्वी प्रत्येक भागाचे छायाचित्र काढावे. पाट्यांचे कडक पोलाद आम्लात ठेवल्यास ठिसूळ होण्याचा धोका असतो, आणि अॅक्सलच्या टोकावर जस्ताचा थर चढला तर बेअरिंग त्यावर बसत नाही. उतरवण्याचे हे काम ग्राहकाने केले तर आमची मजुरी वाचते आणि ती आम्ही बिलात लावत नाही.

गॅल्व्हनायझिंग झाल्यावर नवा जोडलेला तुकडा काळपट आणि जुना भाग चकचकीत दिसतो, अशी तक्रार येते. हा कामातील दोष नव्हे. पोलादात सिलिकॉनचे प्रमाण कमी-जास्त असेल त्याप्रमाणे जस्ताचा थर चमकदार किंवा राखाडी होतो, आणि राखाडी थर बहुधा अधिक जाड असतो. भारतीय मानक आयएस ४७५९ नुसार ५ मिमी व त्याहून जाड पोलादावर दर चौरस मीटरला ६१० ग्रॅम, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन जस्त अपेक्षित असते. आम्ही ट्रेलर ताब्यात देताना थराची जाडी मीटरने मोजून दाखवतो, आणि हे मोजमाप ग्राहकाने उभे राहून पाहावे असा आमचा आग्रह असतो.

बदल करताना वजनाचा विचार

जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाऐवजी तितक्याच शक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवले की बोटीच्या मागच्या टोकावर वीस-पंचवीस किलो वजन सहज वाढते. बोट तीच आणि ट्रेलर तोच असल्यामुळे हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, पण पुढच्या हुकावरचा भार कमी होतो आणि घाट उतरताना ट्रेलर डावीकडे-उजवीकडे हेलकावू लागतो. हुकावर एकूण वजनाच्या साधारण ५ ते १० टक्के भार यावा. ट्रेलर, बोट, इंजिन आणि भरलेली टाकी मिळून ९०० किलो होत असतील तर सपाट जागी, हुक गाडीला जोडताना असतो त्याच उंचीवर, हा भार ४५ ते ९० किलोंच्या दरम्यान असावा. माणसांच्या वजनाचा घरातला साधा काटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून तो मोजता येतो. मात्र चाकांना पुढून-मागून अडणी लावून मगच मोजावे. भार कमी भरला तर विंचचा खांब पुढे घेऊन बोट थोडी पुढे सरकवावी, परंतु बोटीचा मागचा आडवा भाग, ज्यावर इंजिन टांगलेले असते, तो फळ्यांच्या टोकाबाहेर लोंबकळत राहणार नाही याची खात्री करावी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नसतील तर अॅक्सल सरकवणे हाच मार्ग उरतो आणि ते काम गॅल्व्हनायझिंगच्या आधी करावयाचे असते.

परदेशातून आलेल्या जुन्या ट्रेलरचा कपलर (गाडीच्या बॉलवर बसणारा पुढचा हुक) बऱ्याचदा २ इंची बॉलसाठी असतो, तर येथे अनेक गाड्यांना ५० मिमीचा बॉल असतो. फरक एका मिलिमीटरहूनही कमी असल्याने जोड बसल्यासारखा वाटतो, पण खडखडतो आणि झिजतो. कपलरवर कोरलेले माप वाचून जुळता बॉल घ्यावा आणि सुरक्षा साखळी न चुकता लावावी.

ट्रेलर रस्त्यावर नेणार असाल तर कागदपत्रेही पाहावीत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मधील व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनात मोडतो. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास कलम ५२ आडकाठी करते. लांबी किंवा अॅक्सल बदलण्याचा विचार असल्यास आधी आरटीओत चौकशी करावी. काम झाल्यावर कागद जुळवून देण्याची जबाबदारी आम्ही घेत नाही.

हब आणि दिवे

रस्त्यावरून आलेला तापलेला हब (चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग) तत्काळ पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत ओढले जाते. बेअरिंग लवकर जाण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर बोटीचे पट्टे सोडेपर्यंत हबला निवू द्यावे. हंगाम संपल्यावर बेअरिंग उघडून धुवावीत, नवे सील आणि पाण्यात टिकणारे ग्रीस भरावे, चाक फिरवत नट आवळून नंतर किंचित सैल करावा व नवी स्प्लिट पिन घालावी. दिवे सीलबंद एलईडी घ्यावेत आणि अर्थिंगसाठी कपलरवर विसंबून न राहता स्वतंत्र वायर ओढावी. ट्रेलर पाण्यात नेण्याआधी दिव्यांच्या वायरचा गाडीला जोडलेला प्लग काढावा. टायरवरील चार अंकी निर्मिती आठवडा-वर्ष वाचावे. उन्हात एका जागी उभ्या ट्रेलरच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण बाजूंना तडे गेलेले असतात.

गॅल्व्हनायझिंगचा माल आम्ही घाटावरच्या कारखान्यात एकत्र पाठवतो आणि त्याची आकारणी वजनावर होते, त्यामुळे रंग व पुट्टी नसलेला, सुटे भाग उतरवलेला ट्रेलर जून-जुलैत आला तर तो पहिल्या खेपेत जातो. श्रावणात आलेल्या ट्रेलरला हंगामाच्या सुरुवातीपूर्वी परत मिळण्याची हमी आम्ही देऊ शकत नाही. तपासणीसाठी शुल्क घेतले जात नाही; येताना बोटीची लांबी, इंजिनाचे वजन, ओढणाऱ्या गाडीच्या बॉलचे माप आणि नोंदणी प्रमाणपत्राची प्रत सोबत आणावी, म्हणजे बदलांचा अंदाज आणि खर्च त्याच दिवशी लेखी देता येतो.